फुल-कॉन्टॅक्ट किकबॉक्सिंग मागे का पडले?

तुम्ही विचारले आहे की १९७० आणि १९८० च्या दशकांत गाजलेली, फक्त कमरेच्या वर लाथा मारण्याची अमेरिकन फुल-कॉन्टॅक्ट शैली आजच्या व्यावसायिक लढतींतून जवळजवळ नाहीशी का झाली, आणि ती मुळातच कुचकामी होती का. मी या शैलीत सात वर्षे सराव केला आणि नंतर लो किकच्या, म्हणजे मांडीवर लाथ मारायला मुभा असलेल्या, नियमांकडे वळलो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की शैली कुचकामी नव्हती. ती एका विशिष्ट नियमावलीला दिलेले अतिशय चोख उत्तर होती, आणि नियम बदलताच तेच उत्तर चुकीचे ठरले.

गुणांच्या कराटे स्पर्धांत फटका अंगाजवळ नेऊन थांबवावा लागे, आणि त्याला कंटाळलेल्या खेळाडूंना पूर्ण ताकदीने लढायचे होते. १४ सप्टेंबर १९७४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये प्रोफेशनल कराटे असोसिएशनची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि बिल वॉलेस, जेफ स्मिथ, जो लुइस व मेक्सिकोचे इसायस दुएन्यास विजेते ठरले. लांब पँट, पायांत फोमचे बूट, कमरेखाली लाथ नाही, गुडघा आणि कोपर नाही, असा हा खेळ घडत गेला. पुढे प्रत्येक फेरीत किमान आठ लाथा मारण्याची सक्ती आली. हा आठ लाथांचा नियम मला सर्वांत बोलका वाटतो. लाथ मारण्यात लढवय्याचा खरोखरच फायदा असता, तर लाथा मोजायला रिंगशेजारी माणूस बसवावा लागला नसता. मांडीवर लाथ मारायची बंदी असल्यामुळे जवळ आल्यावर हातच अधिक लाभदायक ठरत, म्हणून पुष्कळ जण फेरीच्या सुरुवातीला आठ लाथा उरकून घेत आणि उरलेला वेळ मुष्टियुद्ध करत.

ज्यांनी लाथा उरकल्या नाहीत, त्यांची कला मात्र पाहण्यासारखी होती. वॉलेस यांचा उजवा गुडघा ज्युदोत दुखावला होता, म्हणून त्यांनी सगळी मदार डाव्या पायावर ठेवली. ते प्रतिस्पर्ध्याकडे जवळजवळ पूर्ण बाजू करून उभे राहत, डावा गुडघा वर उचलत, आणि त्या एकाच उचलीतून साइड किक (बाजूने सरळ जाणारी लाथ) येणार, राउंडहाउस (गोलाकार फिरून येणारी) येणार की हुक किक (टाचेने उलट ओढून मारलेली) येणार, हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. ते अपराजित राहूनच निवृत्त झाले. कमरेखाली धोका नसेल, तर पुढचा पाय असा पुढे ठेवून उभे राहणे हाच शहाणपणा होता.

५ नोव्हेंबर १९८८ रोजी लास वेगासमध्ये याच शैलीचा अमेरिकन लढवय्या रिक रूफस आणि थायलंडचा चांगप्युएक कियात्सोंगरित यांची लढत झाली. गुडघा आणि कोपर यांना बंदी होती, पण लो किकला मुभा होती. पहिल्याच फेरीत रूफसने चांगप्युएकला दोनदा खाली पाडले आणि त्याचा जबडा मोडला. हातांचा वेग, हालचाल, लाथांची विविधता, सगळ्यांत तो वरचढ होता. चांगप्युएक उठला आणि रूफसच्या मांडीवर नडगीने फटके मारत राहिला. चौथ्या फेरीत लढत थांबवावी लागली आणि रूफसला स्ट्रेचरवरून नेले. मुए थाई ही थायलंडची युद्धकला श्रेष्ठ असल्याचा पुरावा म्हणून ही लढत दाखवली जाते, पण मला तिच्यात पवित्र्याचा पराभव दिसतो. अमेरिकेचे बेनी उर्किडेझ १९७७ मध्येच जपानमध्ये लो किकच्या नियमांनी लढून जिंकले होते, म्हणजे अमेरिकन लढवय्याला हे जमण्यासारखे होते.

त्या पवित्र्यात नेमके काय चुकते, ते मी लो किकच्या पहिल्या स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, शिकलो. बाजू करून उभे राहिल्यावर पुढच्या पायाचा अंगठा आत वळतो, त्यामुळे मांडीची बाहेरची आणि मागची बाजू समोरच्यासाठी उघडी पडते. शिवाय ठोसा चुकवण्यासाठी डोके खाली नेण्याची सवय असेल, तर शरीराचे वजन पुढच्या पायावर जाते, आणि वजन असलेला पाय झटकन उचलून नडगी बाहेर वळवून फटका अडवता येत नाही. पहिला फटका बसला तेव्हा दुखण्यापेक्षा आश्चर्यच अधिक वाटले. तिसऱ्या फटक्यानंतर मी साइड किकसाठी गुडघा उचलू गेलो, तर पाय वीतभर उचलला जाऊन पुन्हा खाली आला, आणि मला एकट्या हातांवर उरलेली दोन मिनिटे काढावी लागली. त्या दिवशी माझ्या लाथांचे तंत्र तेच होते. त्या लाथा मारणारा पायच उरला नव्हता.

पुढे बाजार वेगाने पालटला. १९९३ मध्ये जपानमध्ये के-वन ही किकबॉक्सिंग स्पर्धा सुरू झाली आणि लो किक व गुडघा हा सर्वसामान्य नियम बनला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेन्व्हर येथे पहिली यूएफसी ही कुस्तीसह सर्व युद्धकलांना मुभा देणारी स्पर्धा झाली, जिच्या समालोचनासाठी स्वतः वॉलेस बसले होते. पाय धरून खाली पाडणारा प्रतिस्पर्धी समोर आल्यावर उंच लाथ मारणे आणखी महागात पडू लागले. तोपर्यंत या शैलीच्या संघटना एकमेकींपासून फुटून किताबांची संख्या इतकी वाढली होती की खरा विजेता कोण हे सामान्य प्रेक्षकाला सांगता येईना.

तरीही ही शैली संपली, असे मी म्हणणार नाही. हौशी क्रीडाप्रकार म्हणून वाको या आंतरराष्ट्रीय संघटनेत फुल-कॉन्टॅक्ट हा स्वतंत्र गट आजही आहे. याच परंपरेतून आलेला स्टीफन थॉम्पसन यूएफसीमध्ये बाजू करून उभा राहत २०१६ मध्ये टायरन वुडलीविरुद्धच्या किताबी लढतीत पाच फेऱ्या टिकला आणि ती बरोबरीत सुटली. त्याला हे जमले, कारण तो अंतर राखतो आणि मांडी टप्प्यात येऊ देत नाही. रिकचा धाकटा भाऊ ड्यूक रूफस मात्र १९८८ च्या त्या लढतीनंतर मुए थाईकडे वळला आणि पुढे नामवंत प्रशिक्षक झाला.

तुम्ही ही शैली शिकण्याचा विचार करत असाल, तर जरूर शिका, कारण पावलांची हालचाल आणि पुढच्या पायाची चपळाई इतकी मन लावून दुसरीकडे क्वचितच शिकवली जाते. फक्त पहिल्या महिन्यापासून पुढच्या पायाचा अंगठा प्रतिस्पर्ध्याकडे वळवून उभे राहा, आणि नडगीने फटका अडवण्याचा सराव रोज करा. मी ते पाच वर्षे उशिरा सुरू केले आणि जुनी सवय मोडायला मला आणखी दोन वर्षे लागली.