पिसांतली झळाळी आणि पोपला धाडलेले चित्र

प्रश्न : मेक्सिकोत १५३९ साली पिसांपासून घडवलेल्या एका ख्रिस्ती चित्राचे छायाचित्र पाहण्यात आले. स्पॅनिश सत्तेखाली तिथल्या मूळ कारागिरांनी आपली कला केवळ धर्मगुरूंच्या हुकमाने राबवली, असे समजावे काय?

उत्तर : ते चित्र ‘संत ग्रेगरीचा मिस्सा’ (मिस्सा म्हणजे ख्रिस्ती उपासनाविधी) हे असावे, सध्या ते फ्रान्समधील ओश येथील संग्रहालयात आहे. हुकूम होताच. चित्राच्या कडेने लिहिलेल्या लॅटिन मजकुरात पोप तिसरे पॉल यांना केलेले अर्पण आहे, गव्हर्नर दिएगो आणि देखरेख करणारे फ्रान्सिस्कन पंथाचे धर्मबंधू पेद्रो दे गांते यांची नावे आहेत. ज्यांच्या बोटांनी ते घडले, त्यांचे मात्र एकही नाव नाही. पण हा दिएगो मेक्सिकोतील मूळच्या अस्तेक लोकांचा सम्राट मोक्तेसुमा याचा पुतण्या होता, हे कळले की गोष्ट इतकी सरळ राहत नाही. याच पोपनी १५३७ मध्ये, अमेरिकेतले मूळ लोक विवेकबुद्धी असलेली माणसे आहेत, त्यांना गुलाम करता येणार नाही, असे जाहीर केले होते. या लोकांनी आपल्या लेखी सर्वांत मोलाच्या वस्तूतून, म्हणजे पिसांतून, पोपना दिलेला हा प्रतिसाद आहे, असे काही अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते.

पिसांचे हे मोल सोन्याहून कमी नव्हते. क्वेत्झल पक्ष्याची लांब हिरवी पिसे खंडणी म्हणून वसूल होत. रणात पडलेले योद्धे चार वर्षे सूर्याच्या सोबतीत राहून मग हमिंगबर्डसारखे पक्षी होतात, अशी अस्तेक लोकांची श्रद्धा होती. ‘अमान्तेका’ म्हणवले जाणारे कारागीर घायपाताच्या पानावर खळ लावून त्यावर कापसाचा पातळ पापुद्रा वाळवत आणि सोलून घेत. ही खळ ऑर्किडच्या कंदांची असे. तळाला रंगवलेली साधी पिसे आणि त्यांवर मौल्यवान पिसे एकेक करून बसवली जात, म्हणजे खालच्या रंगाने वरचा रंग खुलत असे. हमिंगबर्डची झळाळी रंगद्रव्याची नसते, पिसाच्या सूक्ष्म रचनेची असते. हातातले मोरपीस जरा फिरवले की निळ्याचे हिरवे होते, तसाच हा प्रकार. छायाचित्रात नेमके हेच हरवते, कारण पाहणारा जागचा हलला तरच रंग हलतात. त्या लखलखाटात कारागिरांना सूर्याचे तेज दिसत असे, आणि धर्मगुरूंना स्वर्गीय प्रकाशासाठी तोच हवा होता. त्यामुळे पुढे बिशपांचे पिसांनी मढवलेले मुकुटही मेक्सिकोत घडले आणि युरोपात पोहोचले. त्यांतले काही आजही स्पेन व इटलीतील संग्रहांत आहेत.