साते, काडी आणि हीर

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "घरी इंडोनेशियन पद्धतीचे साते केले, सगळ्यांना आवडले. पण कृती मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. 'सॅटे' लिहू की 'सताय'? आणि 'स्क्यूअर'ला काय म्हणू? सळई जड वाटते, सीख म्हटलं की कबाबच डोळ्यापुढे येतो."

नावापासून सुरुवात करते. काडीत ओवून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांसाठी तुम्ही प्रश्नात लिहिलंत तेच नाव बरोबर आहे: साते. इंडोनेशियन भाषेतला 'त' दंत्य आहे, आपल्या ताकातला. मलेशिया-सिंगापूरकडचं, शेवटी 'वाय' असलेलं स्पेलिंग पाहून लोक 'सताय' वाचतात आणि इंग्रजीतून ऐकलेले लोक 'सॅटे' म्हणतात. आपल्याला 'त' सहज येतो, मग 'ट'च्या वळणाने कशाला जायचं? शब्दाचं मूळ बरेच जण तमिळ 'सदै', म्हणजे मांस, या शब्दाशी जोडतात.

आता काडी. इंडोनेशियन भाषेत 'तुसुक' म्हणजे टोचणे, खुपसणे. 'तुसुक साते' ही सात्याची काडी, आणि गाडीवर मागणी करतानाही 'दहा तुसुक' असंच मोजून मागतात. मराठीत 'दहा काड्या साते' किती सहज बसतं पाहा! सळई म्हटली की लोखंड आलं. ती राखून ठेवावी जावा बेटावरच्या जोगजाकार्ता शहराच्या 'साते क्लाथाक'साठी. तिथे बोकडाचं मांस खरोखरच सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या लोखंडी सळ्यांवर भाजतात, म्हणजे उष्णता आतूनही लागते.

पण मला सगळ्यात आवडतो तो तिसरा शब्द. साते बांबूच्या काड्यांवर करतात तसेच माडाच्या झावळीतल्या पात्यांच्या मधल्या शिरेवरही करतात. तिला तिकडे 'लिडी' म्हणतात. कोकणात याच शिरेला आपण हीर म्हणतो! हिरांचा खराटा होतो, आणि इंडोनेशियातही तसल्या झाडूला 'सापू लिडी', म्हणजे हिरांचा झाडू, म्हणतात. तुमच्याकडे माड असेल तर हीर सोलून, टोक काढून वापरा आणि कृतीतही 'हीर' हाच शब्द लिहा. काडी असो की हीर, आधी अर्धा तास पाण्यात भिजवायची, नाहीतर मांस शिजायच्या आत टोकं जळतात.

क्रियापदांत मराठी कुठेच कमी पडत नाही. 'मॅरिनेट' नको, मुरवणे. तुकडे काडीत ओवावेत, फुलं दोऱ्यात ओवतो तसे. बालीचा 'साते लिलित' मात्र ओवत नाहीत. 'लिलित' म्हणजे गुंडाळणे. मासा किंवा मांस बारीक करून, ओलं खोबरं घालून ते मिश्रण गवती चहाच्या दांड्याभोवती लपेटतात. भाजणे निखाऱ्यावर, ज्वाळेवर नाही. पंख्याने वारा घालून निखारा फुलता ठेवायचा आणि कडा खरपूस करायच्या.

मांसाला लावतात त्या 'बुंबू'ला मी मसाला म्हणणार नाही, वाटण म्हणेन. कारण तो चोबेक नावाच्या उथळ दगडी भांड्यात, बत्त्याने घासत वाटतात. त्यातले शब्द तर ओळखीचेच निघतात. 'केतुम्बार' म्हणजे धणे. तो शब्द आणि आपली कोथिंबीर, दोन्ही संस्कृत 'कुस्तुंबरी'च्या कुळातले. 'गुला' म्हणजे साखर आणि आपला गूळ, दोघांचंही मूळ संस्कृत 'गुड'. 'गुला जावा' हा ताडकुळातल्या झाडांच्या रसाचा गूळच असतो. म्हणून 'केचाप मानिस', म्हणजे तिकडचा दाट गोड सोया सॉस, मिळाला नाही तर साध्या सोया सॉसमध्ये गूळ विरघळवून आटवून घ्या. चव बरीच जवळ जाते.

शेंगदाण्याला तिकडे 'काचांग तानाह' म्हणतात. काचांग म्हणजे कडधान्याचा दाणा, तानाह म्हणजे जमीन. आणि 'काचांग हिजाउ', हिरवा काचांग, म्हणजे मूग. आपण काय म्हणतो? भुईमूग. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे पीक दोन्हीकडच्या लोकांनी पाहिलं, जमिनीत शेंग धरते म्हणून चकित झाले असणार, आणि एकमेकांना न विचारता सारखंच नाव ठेवलं. मग सात्याबरोबर वाढतात त्या शेंगदाण्याच्या सॉसला 'पीनट सॉस' लिहायचं कारणच उरत नाही. दाण्याची चटणी म्हटलं तर आपल्याला कोरडी, तिखट चटणी आठवेल, म्हणून मी 'दाण्याचा दाट रस्सा' लिहीन.

तुमची पहिली ओळ मग अशी होईल: "कोंबडीच्या मांडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे धणे, लसूण, हळद आणि गुळाच्या वाटणात दोन तास मुरवा, भिजवलेल्या काडीत चार-चार ओवा, आणि निखाऱ्यावर उलटत-पालटत खरपूस भाजा."