रेड कार्ड (RAID, सर्व्हरच्या डिस्क सांभाळणारं कार्ड) बदललं आणि लिनक्स सर्व्हर बूट होईना, काय करू?

बायोसमध्ये डिस्क दिसतेय ना? मग डेटा बहुधा शाबूत आहे, बदललंय ते नाव. कालची एसडीए (sda, लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) आज एसडीबी झाली आणि एफएसटॅब (fstab, कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) जुन्याच नावाने हाका मारतेय. आमच्याकडे अंबड एमआयडीसीत हेच झालं होतं, अख्खी रात्र काळ्या पडद्यासमोर गेली.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा, रूट (मुख्य सिस्टीम असलेला भाग) माउंट करा म्हणजे जोडून घ्या, त्यात डेव्ह, प्रॉक, सिस (/dev, /proc, /sys) बाइंड करून क्रूट (chroot) करा, म्हणजे त्या सिस्टीमच्या आत शिरा. ब्लकआयडी (blkid) कमांडने यूयूआयडी (UUID, फाइलसिस्टीमचा ओळखक्रमांक) बघून एफएसटॅबमध्ये टाका. तो फाइलसिस्टीममध्येच लिहिलेला असतो, केबल कुठल्याही पोर्टला लावा. स्वॅपची, म्हणजे डिस्कवरच्या जादा मेमरीची, ओळही बदला (मी विसरलो होतो!). तरीही रूट सापडत नसेल तर नव्या कार्डाचा ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमध्ये (initramfs, बूटच्या सुरुवातीला लागणारी ड्रायव्हरची फाइल) नसणार. ती पुन्हा बनवा, मग ग्रबची (GRUB, लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) कॉन्फिग. डेटा डिस्कच्या ओळीत नोफेल (nofail) हा पर्याय टाका, म्हणजे ती रुसली तरी बूट अडणार नाही.