गावात पाणीबचतीचं काम सुरू करताय? आधी एवढंच करा

पहिल्याच बैठकीत ठिबकचे फायदे सांगू नका, ते शेतकऱ्यांना तोंडपाठ असतात. आधी घरची गरज विचारा. ऊस किती पाणी पितो हे त्यांना कळतंच. पण तो कारखान्याला जातो, भावाची धाकधूक कमी, रोजची राखण नाही, वाढ्यांवर (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) जनावरं निघतात. सोसायटीचं कर्ज आणि मुलीचं लग्न डोक्यावर असताना टोमॅटोचा जुगार कोण खेळेल?

नवखे लोक हमखास इथे चुकतात:

- रात्रभर चालणाऱ्या मोटारीला आळस म्हणतात. मोटारीला लागणारी थ्री फेज लाइट बऱ्याच ठिकाणी मध्यरात्री येते; जुन्नरकडे तर बिबट्याची भीती. माणूस लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच लावून झोपतो आणि पाणी सरीबाहेर वाहतं. तिथे दिवसा वीज मिळवणं हीच पाणीबचत.
- कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला हावरट ठरवतात. पुढच्या आवर्तनाचा (कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळीचा) भरवसा नसेल, तर तो मिळेल तेवढं घेणारच.
- अनुदान आहे म्हटलं की काम झालं असं समजतात. आधी पदरचे पैसे घालावे लागतात, अनुदान मागाहून येतं. हातात रोकड नसलेला तिथेच थांबतो.

जमल्यास नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव बघून या. तिथे पावसाच्या हिशेबाने पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं-जनावरं, मग पिकं. (भाषणं मात्र तिथून आणू नका!)

सेन्सर, पीकनिहाय गणित नंतर बघू. सध्या रब्बीच्या पेरणीआधी पाच-सहा विहिरींची पातळी मालकांकडूनच मोजून घ्या.