देणगीतून गावातला दवाखाना खरंच चालतो का? की पैसे नुसते इमारतीतच जातात?

चालतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यातलं हेमलकसा बघा. 1973 साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, सुरुवातीच्या काळात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे झाडाखाली पेशंट तपासत होते. मलेरिया, सर्पदंश, अस्वलाने फाडलेली माणसं. छोटा दवाखाना उभा राहिला तो देणगीतूनच, आणि तिथल्या माडिया आदिवासींना आजही तिथे मोफत उपचार मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळी सर्पविषावरचं इंजेक्शन जवळच असणं म्हणजे जीव वाचणं.

इमारतीबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. वॉर्डावर नावाची पाटी लागते म्हणून त्यासाठी पैसे पटकन मिळतात. नर्सचा पगार, जनरेटरचं डिझेल, रोजची औषधं यांना देणगीदार शोधावा लागतो, आणि दवाखाना अडतो तो तिथेच. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: रक्कम लहान असली तरी दरमहा द्या, आणि ‘गरज असेल तिथे वापरा’ असं लिहून द्या.

देणगीवर प्राप्तिकराची सवलत (80जी नावाने ओळखली जाणारी) हवी असेल तर 2000 रुपयांवरची देणगी रोख देऊ नका. नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही.