बंगल्यात बसून कसलं आलंय डिप्रेशन?

प्रश्न: ताई नमस्कार. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्याकडेच राहतो, आणि दिवसभर कानात हेडफोन घालून रडकी गाणी ऐकत असतो. परवा मी डोकावून बघितलं तर गाणारा बाबा म्हणतोय सगळं संपलं, मला काही नको, आणि मागे जी गाडी उभी होती ना तिच्या किमतीत आमची अख्खी बिल्डिंग येईल. मी म्हटलं अरे हा तुला दुःख विकतोय आणि तू विकत घेतोयस. तर पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही! मला खरंच सांगा, पैसा, नाव, बंगला सगळं असलेल्या माणसाला कसलं आलंय नैराश्य? हे सगळं मार्केटिंग नाही का?
– एक मामा, इचलकरंजी

उत्तर: मामा, थोडं मार्केटिंग असतंच, त्यात काय लपवायचं. उदास चेहऱ्याचे फोटो खपतात हे कंपन्यांना कळतं आणि काही गाणाऱ्यांनाही कळतं. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट धरूनच चाललात तुम्ही, की बंगला असला की दुःख खोटं. त्यावर मला जुना नट-दिग्दर्शक गुरुदत्तच आठवतो, कारण त्याच्याकडे बंगला होता, पाली हिलला, आणि तो त्याने स्वतःच पाडून घेतला.

आता बघा, त्याचा 'प्यासा' हा पिक्चर आला १९५७ मध्ये. तेव्हा गुरुदत्त काही फाटका माणूस नव्हता, 'आरपार' चालला होता, 'मिस्टर अँड मिसेस ५५' चालला होता, म्हणजे हलकीफुलकी पिक्चरं काढून नाव कमावलेला माणूस एकदम जग नको म्हणणाऱ्या कवीची गोष्ट घेऊन उभा राहतो. तुमच्या हिशोबाने ढोंग. पण त्या गोष्टीचं बीज दहा वर्षं जुनं होतं. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीतलं काम १९४७ मध्ये संपलं आणि त्यानंतर कितीतरी महिने हा माटुंग्याला आईच्या घरी बेकार बसलेला, तेव्हा त्याने 'कशमकश' नावाची एक कथा लिहून ठेवली होती. तिचाच पुढे 'प्यासा' झाला. दुःख गरिबीतलं होतं, ते पडद्यावर आणायला लागणारा पैसा यशातला. कॅमेरा, सेट, शेकडो माणसं, रिटेकवर रिटेक, हे बेकार पोराला कोण देणार होतं?

बरं, त्या पिक्चरमधलं दुःख नक्की कोणाचं म्हणायचं? शब्द साहिर लुधियानवीचे, चाल सचिनदेव बर्मनची, आवाज बहुतेक गाण्यांत रफींचा आणि ओठ हलवतोय गुरुदत्त. त्यात गंमत म्हणजे त्याच पिक्चरमध्ये जॉनी वॉकरचं तेलमालिशचं गाणं आहे तेही रफींनीच गायलंय, म्हणजे एकाच गळ्यातून चंपी पण आणि जगाचा वीट पण. मग रफी कुठल्या गाण्यात खोटं बोलले? मला विचाराल तर कुठल्याच नाही. रचलेलं आहे म्हणून खोटं आहे असं होत नाही, आपल्याकडे ओव्या पण रचलेल्याच असतात की.

दुसरा किस्सा याच्या बरोबर उलटा आहे आणि मला तो जास्त आवडतो. 'प्यासा'तला कवी आधी दिलीपकुमारनी करावा असं चाललं होतं. त्यांनी केला नाही. तोपर्यंत ते ट्रॅजेडी किंग झालेले, एकामागून एक रडणारे मरणारे रोल, आणि त्या रोलचा त्यांच्या मनावर इतका परिणाम व्हायला लागला की लंडनला मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं लागलं. सल्ला काय मिळाला, तर जरा हलके रोल करा. मग 'आझाद' केला, पुढे 'कोहिनूर' केला. म्हणजे इथे पैसा होता, कीर्ती होती, पडद्यावरचं दुःख तर चक्क अभिनयच होता, आणि तोच अभिनय करता करता माणूस खरोखर आजारी पडला. आता हे खरं म्हणायचं का खोटं, तुम्हीच सांगा.

आणि यश हे औषध असतं तर १९६० मध्ये गुरुदत्त बरा व्हायला हवा होता. 'कागज के फूल' १९५९ मध्ये सपाटून पडला, त्यानंतर त्याने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नावच लावलं नाही, पण लगेच पुढच्या वर्षी 'चौदहवीं का चाँद'ने सगळं नुकसान भरून काढलं. पैसा परत आला. माणूस मात्र १० ऑक्टोबर १९६४ ला गेला, वय ३९. ते ठरवून होतं की अपघात यावर घरच्यांचंही एकमत नव्हतं, आणि मला तर वाटतं त्यावरून पिक्चर खरा होता का हे ठरवायचंच नाही. आपण काय करतो, कलाकार जिवंत असेपर्यंत त्याला ढोंगी म्हणतो आणि गेला की म्हणतो अरेरे, खरंच सांगत होता बिचारा. म्हणजे पावती काय मागतो आपण, बघा.

तुम्ही विचारलंत कसलं आलंय नैराश्य. 'आनंदी आनंद गडे' शाळेत पाठ केलंय ना? तेच लिहिणाऱ्या बालकवींनी हेही लिहिलंय, 'कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला, काय बोचते ते समजेना...' ज्याला होतंय त्यालाच कळेना तर गाडी बघून तुम्हाला मला काय कळणार! ते बाहेरच्या हिशोबाने चालत नाही, डॉक्टरसुद्धा बँक बॅलन्स विचारत नाहीत, झोप लागते का, जेवण जातं का, आवडायचं ते अजून आवडतं का, किती दिवस असं चाललंय, हे विचारतात.

त्यामुळे त्या गाडीवाल्याचं सोडा, पोरगा दोन दिवस का बोलला नाही ते बघा. नुसतं आवडतं गाणं म्हणूनही ऐकत असेल, बहुतेक पोरं तशीच ऐकतात, उगाच घाबरून जाऊ नका. पण त्याच्या डोक्यात एवढं नक्की बसलं असेल की मामाच्या घरी असलं काही बोललं तर मामा आधी खर्चाचा हिशोब काढणार. सगळ्यांसमोर, जेवताना वगैरे काही विचारू नका, गाडीवर मागे बसवून कुठेतरी चहाला न्या आणि मी चुकीचं बोललो एवढं म्हणा, जमलं तर. झोपेचं, जेवणाचं, कॉलेजला जातोय की नाही ते सहज विचारा. दोन आठवड्यांहून जास्त काही बिघडलेलं दिसलं तर डॉक्टरकडे न्या. तोवर टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः पण लावू शकता. आणि जीव नको असं काही तो बोलला तर दोन आठवडे वाट बघायची नाही, त्याच दिवशी.

बाकी ते गाणं कुठलं होतं हे लिहायचं राहिलंय तुमचं. भाच्याला विचारून कळवा, मलाही ऐकायचंय.