पावसाळ्यातल्या अॅलर्जीसाठी डिह्युमिडिफायर घेताना

आधी तीन-चारशेचा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र) घे आणि गादीजवळ ठेव. आर्द्रता सतत ६० टक्क्यांवर असेल तरच डिह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेतला ओलावा काढणाऱ्या मशीनचा विचार कर. आर्द्रता ५०च्या खाली राहिली की धुळीतले माइट्स (अॅलर्जी करणारे सूक्ष्म किडे) हळूहळू कमी होतात.

दोन-तीन हजारांची छोटी पेल्टियर (कॉम्प्रेसर नसलेली) मशिन्स घेऊच नकोस. ती दिवसाला जेमतेम पाव-अर्धा लिटर पाणी काढतात. मुंबई-कोकणातल्या जुलैत त्याने काहीच होत नाही. कॉम्प्रेसरवालंच घे. मात्र खोक्यावरचा दिवसाला '१२ लिटर' हा आकडा बहुतेकदा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवरचा असतो. हवा कोरडी होत जाते तसं पाणी कमी निघतं, साधारण निम्मं धर. म्हणून १२०-१५० चौरस फुटांच्या बेडरूमला १२ लिटरचं, वन आरके पूर्ण धरायचं तर २० लिटरचं.

आल्यावर काही तास उभंच ठेवून मग चालू कर. भिंतीपासून वीतभर लांब, दारं-खिडक्या बंद, सेटिंग ५० टक्क्यांवर. खोली थोडी गरम होईल, ते स्वाभाविक आहे. नळी मोरीत सोडायची तर उतार सलग हवा. मध्ये झोळ पडला की पाणी तुंबतं. फिल्टर पंधरवड्याला धू, टाकीही घासून घे, नाहीतर तिथेच बुरशी धरते.

भिंतीत गळती असेल तर आधी वॉटरप्रूफिंग.